डाव्या हाताची कुऱ्हाड

"काच आधी की कागद?" फाटकातूनच भोंग्याने आरोळी ठोकली.

"काच!" मागून वही ओरडली. "आता माझा! आगपेटी आधी की वाफेचं इंजिन?"

"आगपेटी! नाहीतर इंजिनाची भट्टी काय फुंकर मारून पेटवली?"

"चकमकीने पेटवायचे, शहाण्या! इंजिनच आधी. झाला की नाही पोपट?"

सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ही वरात संग्रहालयात हजर व्हायची. वरात कसली, तिघंच! आवाजामुळे नाव पडलेला भोंगा, सगळं टिपून ठेवणारी वही आणि डाव्या हाताने लिहिणारी डावरी. शाळेच्या इतिहास मंडळाचे एवढेच सभासद सुट्टीत गावात उरले होते. 'आधी कोण' हा त्यांचा खेळ, आणि त्याच्या पंच किल्लीमावशी. दालनं उघडायची, कपाटातल्या वस्तू पुसायच्या, संध्याकाळी कुलपं लावायची, हे काम मावशी बावीस वर्षं करत होत्या. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं. पण येणाऱ्या अभ्यासकांचं बोलणं ऐकून ऐकून त्यांना दगडापासून छापखान्यापर्यंत सगळं तोंडपाठ होतं.

आज मावशी बाहेर पायरीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा नव्हता.

"मावशी, किल्ल्या कुठे तुमच्या?" डावरीने विचारलं.

"साहेबांनी घेतल्या गं." मावशींचा आवाज फाटला होता. "लेकीचं बाळंतपण म्हणून चार दिवस रजेवर गेले. तेवढ्यात पहिलं दालन बंद ठेवून त्याला रंग दिला. परत येऊन बघते तर हातकुऱ्हाड जागेवर नाही! साहेब म्हणतात, कपाट तुमच्या ताब्यात, जबाबदारी तुमची. आज चार वाजता कागद वरच्या कार्यालयात जाणार. कागद गेला की माझी नोकरी गेली."

"पण तुम्ही तर इथे नव्हताच!" भोंगा उसळला.

"ते खरं. पण मी हरवली नाही म्हणून दाखवू कशी? नोकरीचं एक वेळ राहू दे, पोरांनो. बावीस वर्षांत एक मणी इकडचा तिकडे झाला नाही. आणि आता जाताना माझ्या नावावर हे!"

बोलता बोलता मावशींनी पदराने डोळे पुसले. मावशींना रडताना डावरीने कधी पाहिलंच नव्हतं.

"चला रे आत," ती म्हणाली. "चार वाजायच्या आत शोधायचीच!"

पहिल्या दालनात रंगाचा वास कोंदला होता. अश्मयुगाच्या कपाटात बाणाची टोकं होती, हाडाच्या सुया होत्या, आणि मधला चौथरा रिकामा. चौथऱ्यापुढची पाटी मात्र ऐटीत उभी होती: 'हातकुऱ्हाड'.

डावरी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मागच्या वर्षी वर्गातली मुलं 'उलट्या हाताची' म्हणून चिडवायची, तेव्हा एकदा ती इथेच येऊन मुसमुसत होती. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, कपाट उघडलं आणि ती बिनदांड्याची दगडी कुऱ्हाड तिच्या डाव्या हातात ठेवली. दगडातल्या खोलगट जागेत अंगठा अलगद बसला. "हजारो वर्षांपूर्वी ज्याने ही घडवली ना, तो तुझ्यासारखाच होता बघ," मावशी म्हणाल्या होत्या. भिंतीवर 'वस्तूंना हात लावू नये' असं लिहिलेलं होतं. म्हणून डावरीने ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती.

"रंग कुणी दिला, त्यांना गाठू," वही म्हणाली.

रंगारीकाका शेजारच्या दालनात शिडीवर होते.

"काका, तुम्ही इथली कुऱ्हाड पाहिलीत का हो?" भोंगा गरजला. शिडी हलली.

"अरे, हळू! पाडतोस का मला? कुऱ्हाड नव्हतीच तिथे! साहेबांनीही विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं. ना दांडा, ना पातं. होते ते नुसते दगडधोंडे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका," डावरीने जपून विचारलं, "त्या धोंड्यांचं काय केलंत?"

"परत ठेवले की! एक तेवढा साहेबांनी नेला."

"साहेबांनी?"

"रंगाचा वास जावा म्हणून खिडक्या उघड्या होत्या ना, त्यांचे कागद भिरभिरायला लागले. दारातून ओरडले, 'अहो, काहीतरी जड द्या हो पटकन!' हाताला आला तो दगड दिला."

भोंग्याने तोंड उघडलं, पण वहीने ते वेळेवर दाबलं.

"थेट सांगितलं तर साहेब हाकलून देतील," वही कुजबुजली. "ते रस्त्यांच्या खात्यातून बदलून आलेत. वस्तू कमी बघतात, नोंदवही जास्त!"

"मग सांगायचंच नाही," डावरी म्हणाली. "विचारायचं!"

तिने मावशींनाही हाताला धरून सोबत घेतलं. साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता. टेबलावर कागदांची चळत, सगळ्यात वर मावशींच्या विरुद्धचा अहवाल, आणि अहवालावर ऐसपैस बसलेला एक काळसर दगड! मावशींनी तो पाहिला आणि दाराची चौकट घट्ट धरली.

"काय आहे? मला वेळ नाही!" साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले.

"साहेब, आमच्या मंडळाचा एकच प्रश्न आहे," डावरी म्हणाली. "तो दगड जरा उजव्या हातात धरता का?"

"हे काय भलतंच! माझे कागद उडतील."

"मी धरते!" वहीने कागदांवर दोन्ही पंजे ठेवलेसुद्धा.

साहेबांनी सुस्कारा सोडून दगड उचलला. "धरला. बोचतोय. पुढे?"

"आता डाव्या हातात."

साहेबांनी हात बदलला. अंगठा खोबणीत गेला, चार बोटं कडेला बसली. त्यांनी मूठ सैल केली, पुन्हा आवळली.

"हा... हा कुणीतरी मुद्दाम घडवलाय," ते हळूच म्हणाले. मग त्यांची नजर वहीच्या पंजांखालच्या अहवालावर गेली. 'हातकुऱ्हाड गहाळ.' त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे... ही?"

"हीच!" भोंग्याला आता कोण थांबवणार? "चार दिवस तुमच्याच टेबलावर आहे! रंगारीकाकांना विचारा!"

"पण डाव्या हाताचं तुला गं कसं ठाऊक?" साहेबांनी डावरीला विचारलं.

डावरीने मावशींकडे पाहिलं. खरं सांगावं तर मावशींनी नियम मोडलेला उघड होणार. न सांगावं तर...

"मीच दिली होती तिच्या हातात," मावशी पुढे झाल्या. "रडत होती लेकरू. नियम मोडला, साहेब. त्याबद्दल काय लिहायचं ते लिहा. पण हरवली म्हणून लिहू नका."

साहेबांनी उजव्या हाताने अहवाल ओढला, दातात धरून टराटरा फाडला, खणातून जुडगा काढला आणि उठून मावशींपुढे धरला.

"मावशी, माझं चुकलं. मोठी चूक झाली. मी नोंदवहीत शोधत बसलो, आणि ही माझ्या हाताखाली होती!" मग ते मुलांकडे वळले. "आणि तुम्ही तिघं! शाब्बास रे! माझ्या अख्ख्या कार्यालयाला जे जमलं नाही, ते तुम्ही केलंत. तुमच्या मुख्याध्यापकांना मी स्वतः पत्र लिहिणार."

मावशींनी जुडगा कमरेला खोचला आणि डावरीला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवला. "माझी गुणाची बाय ती!" एवढंच त्यांना बोलता आलं. डावरीने त्यांच्या कुशीत तोंड लपवलं. रडू मावशींना जास्त आलं की तिला, ते काही कळलं नाही.

"चला, कपाट उघडते," डोळे पुसून मावशी म्हणाल्या. "द्या साहेब, ती इकडे."

साहेब दगडाकडे बघत उभे होते. त्यांची डावी मूठ काही उघडेना.

"साहेब? द्या ना!"

"थांबा हो जरा," साहेब म्हणाले. "दोनच मिनिटं."