कथलाची मिशी

टिटवी तिसऱ्यांदा थांबली, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

टिटवी म्हणजे चंद्रावर जायला निघालेली सहा चाकांची गाडी. नाशिकच्या चांद्रशाळेतल्या मुलांनी बांधलेली, आणि तिच्यातल्या विजेच्या जोडण्या बारा वर्षांच्या जुई वडकेने केलेल्या. गाडी चालता चालता मरायची. उघडून, हलवून पाहिली की पुन्हा ठणठणीत! चार वाजता चंद्रावर जाणाऱ्या सामानाची पेटी बंद होणार होती. तोवर कारण सापडलं नाही, तर टिटवी इथेच राहणार.

जुईने गाडी उचलायला हात घातला.

"हात मागे घे! दुखणं दिसायच्या आधीच पेशंटला झोडपता होय गं तुम्ही?"

दारात सगुणाआजी उभी होती, नातीचा डबा घेऊन. शाळा दुसरीपर्यंतची, पण चाळीस वर्षं तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई (आतल्या बाजूने कथील या धातूचा पातळ थर) केलेली बाई. धातूच्या बाबतीत भल्याभल्यांचं ती ऐकून घ्यायची नाही.

"आजीबाई, आत भिंग लावून पाहिलंय आम्ही," शाळेचे शास्त्रज्ञ डॉ. होनप म्हणाले. "काहीच दिसत नाही."

"दिवा कुठे धरलात?"

"वरून."

"वरून धरलात तर कसं दिसेल, डॉक्टर? मी भांडं तपासते ते उजेडाला तिरकं धरून. समोरून सगळीच भांडी चकचकतात. आता गाडी तिरकी करायची नाही, म्हणून दिवाच खाली आणा. झाकण हळूच काढा. धक्का नको."

डॉक्टरांनी निमूटपणे ऐकलं. मोठी विद्या शिकलेला माणूस, पण शहाणा. जुईने विजेरी आडवी धरली आणि हळूहळू फिरवली. भिंगाखाली एक रेघ चमकून गेली. तिने हात परत मागे आणला. दोन शेजारच्या टोकांमध्ये एक चंदेरी तार होती, केसाहूनही बारीक.

"ही तार मी नाही लावली," जुई पुटपुटली.

"कोणीच नाही लावली," डॉ. होनप श्वास रोखून म्हणाले. "ती उगवलीय. हिला कथलाची मिशी म्हणतात. जुई, शेवेचा सोऱ्या पाहिलायस ना? पीठ दाबलं की शेव बाहेर येते. कथलाच्या थरात ताण साठला, की तोही असाच बाहेर पडतो. फार सावकाश, महिनोन् महिने. मिशी शेजारच्या टोकाला टेकली, की वीज भलत्या वाटेने जाते आणि गाडी बंद पडते."

"आणि हलवल्यावर बरी होते?"

"मिशी इतकी नाजूक, की धक्क्याने मोडते, नाहीतर विजेच्या उष्णतेने वितळून जाते. पुरावाच नाहीसा! म्हणून तर आपण दोनदा फसलो."

"मग पूर्वीच्या यंत्रांना का नव्हत्या मिश्या?"

"पूर्वी कथलात थोडं शिसं मिसळत. त्याने मिश्या दबून राहायच्या. पण टाकून दिलेल्या यंत्रांतलं शिसं मातीत आणि पाण्यात उतरतं, लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. म्हणून जगाने ते काढलं. डाख (धातूचे दोन तुकडे जोडायला वितळवतात तो धातू) आता बिनशिशाचाच असतो."

"आमच्या घरात शिसं कधीच नव्हतं," आजी ताठ होत म्हणाली. "स्वस्तात मिसळणारे होते गावात. मी त्यांना दारात उभं केलं नाही. लोक त्या भांड्यातून जेवतात!"

जुईचे कान तापले. हेच वाक्य ऐकत ती मोठी झाली होती. तारांची टोकं जोडायला शाळेने दिलेल्या जोडपट्टीवर कथलाखाली निकेलचा थर होता. तिला ती भेसळ वाटली होती. दहा महिन्यांपूर्वी तिने हट्टाने ती काढायला लावली आणि नुसत्या शुद्ध, चकचकीत कथलाची पट्टी बसवली. वर स्क्रूही कचकचून आवळले होते, म्हणजे ताणात आणखी भर.

गप्प बसता आलं असतं. पट्टी कोणी बदलली, हे कोण विचारणार होतं?

"सर, ही पट्टी माझ्यामुळे लागली," ती म्हणाली. "मला वाटलं, शुद्ध म्हणजे चांगलं. आजी, तू सांगितलंस तसं."

आजीने तिच्याकडे पाहिलं. "मी भांड्याचं सांगितलं होतं गं. भांड्यात मिशी उगवली तरी घासताना निघून जाईल. इथे घासणार कोण, चंद्रावरचा ससा?" मग डॉक्टरांकडे वळली. "आता परत शिसं घालणार की काय?"

"मुळीच नाही. खाली निकेलचा थर ठेवायचा, तो ताण वाढू देत नाही. पट्टी भट्टीत थोडी शेकायची, म्हणजे आधीचा ताण सैलावतो. टोकांत अंतर ठेवायचं आणि वरून राळेसारखं पारदर्शक आवरण द्यायचं. एवढं करूनही मिशी कधी, कुठे उगवेल हे आज कोणालाच नेमकं सांगता येत नाही. ते शोधायचंय."

निकेलचा थर असलेली मूळ पट्टी कपाटातून निघाली आणि भट्टीत शेकली गेली. जुईने हातमोजे चढवले. आजी खांद्यामागे उभी राहून बघत होती, पण एकदाही मधे बोलली नाही. हे वडक्यांच्या घरात कोणी ऐकलं तर खोटं म्हणतील. डाख टोकाटोकावर पसरला, आवरण बसलं. थरथरत्या फळीवर टिटवी तासभर हादरली आणि एकदाही थांबली नाही.

पावणेचारला डॉक्टरांनी नोंदीचा कागद पुढे केला. जुईने स्वतःच लिहिला: 'चूक कोणाची: जुई वडके. दोष कोणी शोधला:' इथे तिने 'सगुणा वडके' लिहायला घेतलं.

आजीला अक्षरं लावायला वेळ लागायचा, पण स्वतःचं नाव ती लगेच ओळखायची.

"ते खोड. उजेड कुठून पाडायचा एवढंच मी सांगितलं. दिसलं तुला, आणि बोललीसही तूच. तुझं लिही."

"पण आजी, एकच नाव दोनदा येईल."

"येऊ दे की! पुढच्या पोरांना कळू दे, चुकणारीच शोधते म्हणून."

डॉ. होनपांनी कागद वाचला, दोन्ही नावांखाली सही केली आणि पेटी बंद करायला माणसं बोलावली. काढलेली शुद्ध कथलाची पट्टी त्यांनी काचेच्या डबीत घालून जुईच्या हातात दिली.

"दर आठवड्याला मोज, मिशी किती वाढली ते. टिटवी चंद्रावर पोचेल तोवर कदाचित तूच आम्हाला सांगशील, मिशी कधी, कुठे उगवते ते."

जुईने डबी उजेडाला तिरकी धरली आणि वहीत पहिला आकडा लिहिला.