वळणाचा उतार

लॉरीवाल्या शिवाप्पाची बायको यल्लव्वा खुर्ची दिली तरी उंबऱ्यातच बसली.

“अण्णा, माझा माणूस आपल्या कडेनंच येत होता. स्कूटरवाला साहेब आडवा आला. पोलीस म्हणतात, लॉरीनं वळण कापलं. सोमवारी कोर्टात उभं करणार.”

खासगी तपास करणारे रत्नाकर हुदलीकर उठले. त्यांचे सहकारी कृष्णाजी पुटपुटले, “सगळे लॉरीवाले असंच म्हणतात.”

“म्हणून तर बघायला जायचं.”

राजाजीनगरातला तो रस्ता कारखान्याकडे जाताना डावीकडे वळे. वळणाच्या आत पंधरा घरं. बाहेरच्या कडेला गटार आणि फुलवाली चंपा. डांबर महिन्याभरापूर्वीचं, रुंद, गुळगुळीत. याच वळणावर पाच दिवसांपूर्वी कारखान्यातले इंजिनियर चंद्रकांत स्कूटरसकट लॉरीखाली गेले होते.

ब्रेकचा काळा पट्टा गटाराच्या कडेने सरळ गेला होता. स्कूटरचा ओरखडा मात्र घरांकडून तिरपा येऊन त्याला मिळत होता.

“चंपाक्का, टोपल्या दगडांवर का ठेवल्यात?”

“नवं डांबर पडल्यापासून समोरचं पाणी सगळं इकडं. माणसंसुद्धा. आधी दूधवाला कॅनसकट आला, मग एक सायकलवाला. लॉरी नव्हती हं तेव्हा.” चंपा हार ओवत हसली. “माझ्या फुलांवरच जीव सगळ्यांचा.”

“पावसात घसरले असतील,” कृष्णाजी म्हणाले.

“कुठला पाऊस! दोन्ही सकाळी ऊन होतं.”

रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसियर अप्पासाहेब आधीच वैतागलेले होते. “रहिवाशांचा अर्ज आला, वरून हुकूम सुटला, आम्ही काम केलं. जुन्या रस्त्यात काय वाईट होतं, विचारा त्यांना.” त्यांनी अर्ज पुढे सरकवला. इंग्रजी मजकूर, सुबक अक्षर, जांभळी शाई, खाली पंधरा सह्या. पहिली चंद्रकांत यांची.

“कशाची तक्रार?” कृष्णाजींनी विचारलं.

“दारातल्या पाण्याची. आणि डासांची.”

चंद्रकांत यांची पत्नी शुभदा वर्षाच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. भिंतीवर मुलीच्या तापाचा तक्ता, दर तीन तासांची नोंद, जांभळ्या शाईत.

“आता कशी आहे?”

“महिना झाला, ताप नाही.” तिने सवयीने मुलीच्या कपाळाला हात लावला. “त्या माणसाला सोडू नका. ह्यांनी कधी वेगात गाडी हाकली नाही.”

हुदलीकर तक्त्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी फौजदारांना, यल्लव्वाला आणि शुभदाला वळणावर बोलावलं. चंपाकडून एक लिंबू घेतलं आणि घरांच्या कडेला रस्त्यावर ठेवलं. ते आडवं गडगडत गटारात गेलं.

“वळणावर बाहेरची कड उंच ठेवतात. ती गाडीला आत धरून ठेवते. इथे ती खाली आहे. त्यात गुळगुळीत डांबर, कारखान्याची पाळी गाठायची घाई. मध्यम वेगातली गाडीसुद्धा बाहेर फेकली जाते. दूधवाला, सायकलवाला, चंद्रकांत, तिघेही गटाराकडेच गेले. तिसऱ्या खेपेला तिथे लॉरी होती, इतकंच. शिवाप्पाने वळण कापलं असतं, तर त्याचा पट्टा रस्त्याच्या मधून गेला असता.”

“असा उलटा उतार ठेवला कोणी?” फौजदारांनी विचारलं.

“पूर्वी पाणी घरांकडे यायचं. ते तिकडे वळवायला.” हुदलीकर शुभदाकडे न बघता म्हणाले, “अर्ज होता.”

“मी लिहिला,” शुभदा म्हणाली. “बाळीचा ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, दारातलं डबकं घालवा. ह्यांना वेळ नव्हता, मीच लिहून सह्या घेतल्या. उताराचं कोणी सांगितलं नाही हो मला.”

यल्लव्वाने तिचा हात धरला. “अक्का, एवढंच कोर्टात सांगा.”

फौजदारांनी वही मिटली. “सांगू देत. रस्त्याला बेड्या घालायचं कलम मात्र माझ्याकडे नाही.”

शुभदाने सांगितलं. नवऱ्याच्या दुःखाने बाई भरकटली आहे, असं सरकारी वकील म्हणाला. शिवाप्पाला दीड वर्षाची शिक्षा झाली. उतार पूर्ववत करण्याचा नवा अर्ज घेऊन शुभदा चौदा घरं फिरली. सही एकही मिळाली नाही. “परत पाणी आमच्या दारात? तुमच्याही घरात लहान मूल आहे ना?”

आता ती सकाळी पाळीच्या वेळेला मुलीला कडेवर घेऊन वळणाच्या तोंडाशी उभी राहते, हात वर करून “स्वल्प हळू, जरा हळू” म्हणते. सायकलवाले घंटी वाजवतात. एखादा बाळीला टाटा करतो, आणि तोल सावरत तसाच पुढे जातो.