बिनक्लचची गाडी

हे घडलेलं आहे. माझ्यासमोर घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं, मी वाद घालणार नाही.

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

साल १९६६. मे महिना. जागा, मांडवगण फराट्याच्या खालचा भीमेचा उतार.

मी गुलशन. शिरूरचे सत्तार मिस्त्री माझे वडील. घराला लागूनच त्यांचं गॅरेज होतं, मध्ये फक्त पत्र्याची भिंत. मी अलीकडे शिवणकाम करायचे, अब्बा पलीकडे गाड्या खोलायचे.

एक दिवस मांडवगणचे हौसराव पाटील बैल जुंपून एक गाडी ओढत घेऊन आले. डब्यासारखी छोटी व्हॅन. परदेशी. शिरूरमध्ये अशी गाडी कुणी पाहिली नव्हती.

तिला क्लचच नव्हता.

स्टिअरिंगखाली एक बारीक दांडा होता. तो ओढला की गाडी पुढे, नाहीतर मागे, नाहीतर जागेवर. मधले गिअर तिचे तीच बदलायची. दांडा ओढताना प्रत्येक खाचेला आवाज यायचा.

टक्.

हौसरावांनी सांगितलं, विहिरींची पाहणी करायला एक परदेशी साहेब आला होता, त्याची ही गाडी. साहेबाचा डावा पाय अधू, म्हणून बिनक्लचची. तो मायदेशी परत जाताना गाडी देऊन गेला. मग उन्हानं गिअरबॉक्स बिघडला. पुण्यातही कुणी हात लावेना, सामान मिळेना. तेव्हा मिस्त्रींनी जुन्या जीपचा गिअरबॉक्स बसवावा, क्लच घालावा आणि चारचौघांसारखी गाडी करून द्यावी. त्यांना दुधाचे कॅन दौंड स्टेशनला न्यायचे होते.

अब्बांनी असं काम पूर्वी केलं नव्हतं. पण ते लगेच हो म्हणाले. जमलं असतं तर जिल्ह्यात नाव झालं असतं.

गिअरबॉक्स खाली उतरवला आणि अब्बांनी मला हाक मारली. अशा गाड्यांचं तेल लाल असतं, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं.

हे तेल गुलाबी होतं... दुधात कालवल्यासारखं.

आणि तळाला बारीक वाळू.

पाणी शिरल्याशिवाय तेलाचा असा रंग होत नाही. हौसराव आले तेव्हा अब्बांनी सरळ विचारलं, गाडी पाण्यात गेली होती का? हौसराव म्हणाले, नदीवर धुतली होती एकदा. एवढं बोलून ते दुसऱ्याच विषयावर गेले.

जेवताना अब्बा अम्मीला म्हणाले, "धुताना गिअरबॉक्समध्ये वाळू जात नाही, लालबी."

पण काम अर्ध्यावर आलं होतं.

दौंडच्या भंगारातून जीपचा गिअरबॉक्स आला. तो इंजिनाला जुळेना, तेव्हा अब्बांनी मधली जाड पट्टी लेथवर करून घेतली. चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून पुन्हा जोडला. क्लचचा पायटा, म्हणजे पेडल, बसवला. फरशीला भोक पाडून नवा गिअरचा दांडा वर काढला. भोकातून धूळ येऊ नये म्हणून मी त्याला रेक्झिनचं टोपरं शिवून दिलं.

स्टिअरिंगखालचा जुना दांडा त्यांनी मुळापासून काढला. मी स्वतः तो भंगाराच्या डब्यात टाकला.

त्याच दुपारी अब्बा नमाजाला गेले होते. गॅरेजला बाहेरून कडी होती. मी मशीनवर बसले होते.

पत्र्यापलीकडून आवाज आला...

टक्.

मी मशीन थांबवली.

टक्... टक्... टक्...

घाईघाईनं. सगळ्या खाचा एकदा खाली, एकदा वर. कुणीतरी गाडी सुरू करायची धडपड करावी तसं.

मी उठले नाही. खरं सांगते, माझ्यानं उठवलंच नाही.

अब्बा आले, कडी काढून आत गेले आणि लगेच बाहेर आले. त्यांनी मला विचारलं, "तू गाडीत बसली होतीस?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. क्लचच्या पायट्याचं नवं रबर ओलं होतं. पाणी ठिबकत होतं. वर छपराला भेग नाही, गॅरेजात माठसुद्धा नाही.

माझ्यावरचा त्यांचा संशय लगेच गेला नाही. मग त्यांना वाटलं, हौसरावांनीच कुणाला तरी पाठवलं असेल. काम बिघडवून नाव घालवायचं असेल. त्या दिवसापासून त्यांनी गॅरेजला कुलूप लावायला सुरुवात केली.

कुलूप असतानाही दोनदा पायटा ओला सापडला.

 गाडी एकदाची जाऊ दे, एवढंच अब्बा म्हणायचे.

गाडी द्यायच्या दिवशी हौसराव म्हणाले, दौंडपर्यंत चालवून दाखवा. माझी मावशी, खुर्शिदखाला, दौंडला राहायची, म्हणून मीही मागच्या बाजूला बसले. न्हावऱ्यापर्यंत गाडी सुरेख चालली. अब्बा एकेक गिअर टाकून दाखवत होते, पहिल्यांदाच थोडे हसले. हौसराव शेजारी बसून फक्त रस्ता बघत होते.

उन्हाळ्यात भीमेला पाणी कमी. गाड्या उतारावरून पात्रात उतरायच्या आणि उथळ पाण्यातून पलीकडे जायच्या. डावीकडे मात्र डोह होता, उन्हाळ्यातही काळा दिसणारा.

उतार सुरू व्हायच्या आधी हौसरावांनी गाडी थांबवायला सांगितली.

"तुम्ही व्हा फुडं. मी येतो चालत."

अब्बांनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या उन्हात हा माणूस चालत का येतोय?  तरी त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी हळू उतरवायला लागले.

अर्ध्या उतारावर...

टक्.

मी मागून पाहत होते. स्टिअरिंगखाली काहीच नव्हतं. मोकळी जागा.

टक्... टक्...

फरशीवरचा नवा दांडा अब्बांच्या मुठीत होता. त्यांच्या मुठीसकट तो मागे सरकला आणि गिअर सुटला. गाडी मोकळी धावू लागली.

अब्बांचे दोन्ही पाय ब्रेकवर होते.

क्लचचा पायटा मात्र खाली दबलेला होता... पार फरशीला टेकलेला. त्याच्यावर कुणाचाच पाय नव्हता.

ब्रेक लागेना. स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं, डोहाकडे. अब्बा अंगाचं सगळं वजन टाकून ते उजवीकडे वळवत होते. तोंडानं कलमा चालू होता. मला फक्त काळं पाणी जवळ येताना दिसत होतं.

शेवटच्या क्षणी चाकं वळली. गाडी वाळूतल्या कलिंगडाच्या वाडीत घुसली आणि रुतून थांबली.

वाडीतली दगडाबाई नावाची म्हातारी पळत आली. तिनं आधी आम्हाला बाहेर ओढलं, मग गाडीकडे पाहिलं आणि तिथंच थबकली.

"ही पुन्यांदा आली व्हय?"

अब्बांनी विचारलं, पुन्हा म्हणजे काय? तिनं डोहाकडे बोट केलं. गेल्या साली गाडी तिथं बुडाली होती. हौसरावांनी बैल लावून तिसऱ्या दिवशी बाहेर काढली.

"आत कोण होतं, मावशी?"

"कुनी न्हाई, असं सांगितलं समद्यांस्नी. साहेब काठावर हुता. पाटील बी काठावर हुता." तिनं आवाज खाली आणला. "मंग पान्यातनं त्यो खटका कोन वढत हुतं? लई येळ वाजत हुता. मंग थांबला."

एवढ्यात हौसराव उतारावरून आले. सावकाश. त्यांनी आम्हाला लागलं का विचारलं नाही. त्यांनी आधी दगडाबाईकडे पाहिलं. ती मुकाट्यानं वेलांकडे निघून गेली.

अब्बांनी किल्ली वाळूत टाकली. माझा हात धरला. आम्ही पाण्यातून पलीकडे गेलो आणि दौंडपर्यंत पायी चाललो. ते काम त्यांनी पुन्हा कधी कुणाचं केलं नाही. गाडीचं पुढे काय झालं, आम्ही चौकशी केली नाही.

माझं लग्न दौंडलाच झालं. बऱ्याच वर्षांनी दवाखान्याच्या बाकावर हौसराव माझ्या शेजारी बसलेले दिसले. फार थकले होते. मी ओळख दिली. अब्बा वारल्याचं सांगितलं. मग मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी त्या गाडीत कोण होतं?"

त्यांनी काठी जवळ ओढली.

"ती सोताहून बसली हुती," ते म्हणाले. "आमी न्हाई बसवली."

मग त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी फक्त 'कोण' असं विचारलं होतं. बाई की बाप्या, काही बोलले नव्हते.

ते उठले आणि नंबर यायच्या आधीच काठी टेकत निघून गेले.

त्यानंतर मी मांडवगणात ओळखीच्यांकडे विचारलं. न्हावऱ्यात विचारलं. नदीकाठच्या वस्त्यांवर विचारलं. गाडी बुडाली त्या साली कुणाची लेक, कुणाची सून, कुणी कामकरीण हरवली होती का?

सगळीकडे एकच उत्तर मिळालं. कुणीच हरवलं नव्हतं.

दगडाबाई कधीच गेली. हौसरावही गेले. आता तिचं नाव सांगू शकेल असं कुणी उरलेलं नाही.