नाहूरची चौथी बोअर

राजाराम शेट्येला पाण्याचं भय नव्हतं. भूजलाची तपासणी करण्यात त्याची बारा वर्षं गेली होती आणि त्याचा एक हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. ज्या पाण्यावर आपण सही करायची, त्याचा पहिला पेला आपणच प्यायचा. कचेरीत त्याची टिंगल होई, पण बायाबापड्यांचा त्याच्यावर विश्वास बसे तो त्या पेल्यामुळेच.

१९८७च्या जानेवारीत तो नाहूरला आला. रेल्वे रुळांच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला रॉकेलचा एक बंद डेपो होता. जमिनीखालच्या टाक्या सहा वर्षांपूर्वी उकरून भंगारात गेल्या होत्या आणि खड्डा मुरुमाने बुजवला होता. पण त्याच सुमारास शेजारच्या वाडीच्या विहिरीला रॉकेलचा वास लागला, आणि तिच्यावर पत्रे पडले ते पडलेच. दीडशे घरांना एक नळ, तोही अर्धा तास. वाडीतली मंजुळा पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे उभी राहिली.

"साहेब, विहिरीचं काय ते एकदाचं सांगून टाका. पोरी पाणी वाहून वाहून वाकल्या."

"महिन्याभरात पाणी पाजतो," राजाराम म्हणाला. त्याला शंकाच नव्हती.

विहिरीचं पाणी स्वच्छ निघालं. डेपोच्या आवारात मारलेल्या चारपैकी तीन बोअरही स्वच्छ. चौथी बरोबर खड्ड्याच्या मधोमध होती. पाणी लागलं की लाल होणारी पेस्ट फासून तो टेप आत सोडी. लाल रेघेच्या वर टेप तेलकट लागे. जुनं रॉकेल पाण्यावर तरंगत होतं, त्यात नवल नव्हतं. पण गुरुवारी सकाळी आठला ते हातभर असे आणि बाराला तेलाचा टिपूस नसे. शुक्रवारपासून पुन्हा चढायला लागे. असे सलग तीन गुरुवार गेले.

भरती-ओहोटी, त्याने ठरवलं. खाडीच्या भरतीचं कोष्टक आणून ताडून पाहिलं, काही जमेना. भरती रोज पाऊण तास मागे पडते, हे तेल मात्र वारावर आणि घड्याळावर चालत होतं. तरी अहवालात त्याने भरतीच लिहिली. शास्त्राच्या माणसाला काहीतरी लिहावंच लागतं.

डेपोत पूर्वी मापं भरणारा म्हातारा दत्ताराम वाडीतच राहायचा. राजारामने टेप दाखवून त्याला गुरुवारचं सहज विचारलं. दत्तारामने टेपचा वास घेतला.

"गुरुवारी रॉकेल सुटायचं, साहेब. आठ ते बारा." मग आवाज उतरवून म्हणाला, "शेवटच्या गुरुवारी डेपोला कुलूप लागलं ना, रांग तशीच राहिली. ती कोणी मोडलीच नाय."

राजाराम हसला. पण निघताना त्याने फाटकाकडे पाठ केली नाही, आणि त्याचा त्यालाच राग आला.

सोमवारी पत्रे निघाले. मंजुळाने पहिली बादली ओढली, राजाराम पेला भरून घटाघट प्यायला. पाणी गार, गोड, वासाचं नावही नाही. बायकांचे चेहरे बघून त्याला भरून आलं. बारा वर्षांचं सार्थक झालं असं त्याला वाटलं. मग सगळी वाडी पाणी प्यायली. दत्ताराम तेवढा नळाकडे गेला.

गुरुवारी राजारामला मुलुंडला काम होतं. सातला घाटकोपरच्या घरातून चहा घेऊन तो निघाला.

कोवळं ऊन मानेवर आलं तेव्हा तो भानावर आला. तो डेपोच्या फाटकाशी उभा होता. हातात रिकामा डबा होता, कुणाचा ते कळेना.

पुढे मंजुळा, तिच्यापुढे सगळी वाडी. दत्ताराम तेवढा नव्हता. आवारात मुरूम आणि बोअरचे चार पाइप, दुसरं काही नाही.

"मंजुळाबाई," त्याने हाक मारली.

तिने मागे पाहिलं नाही.

"ढकलू नका साहेब. येतोय नंबर."

घड्याळात आठ वाजले.

रांगेतली पहिली बाई परत निघाली. ती त्याच्याजवळून गेली तेव्हा हातातल्या डब्याच्या भाराने एका बाजूला कलली होती.

राजारामने एक पाऊल पुढे टाकलं.