लाल चिंधी

"अहो बाई, ते उपटू नका!"

मी ऐकेपर्यंत रोप मुळांसकट माझ्या मुठीत आलं होतं.

आमच्या भागातल्या सार्वजनिक बागेच्या मागच्या अंगाला रानाचा एक तुकडा राखलाय. दर रविवारी सकाळी दहा-बारा जण तिथलं उपरं तण काढतात, म्हणजे मूळच्या झाडांना जागा मिळते. माझा तो पहिलाच रविवार. सून म्हणाली होती, "आई, घरात आम्हाला खुरपण्यापेक्षा तिकडे खुरपा." गेले!

समोर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. गुडघ्यांना चिखल, गळ्यात मापाची टेप.

"लाल चिंधी दिसली नाही? ते मूळचं रोप आहे, आपलं आपण उगवलेलं. चिंधी बांधली की हलवायचं नाही. जिथं रुजलं, तिथंच राहू द्यायचं."

"एवढीशी चिंधी बांधायची अन् वर डोळे वटारायचे! कापड महागलंय का?"

वाटलं, चिडतील... तर हसले. "शिंपी आहे मी. कापड वाचवायची सवय."

मग दोघांनी मिळून रोप परत लावलं. माती दाबताना त्यांची बोटं माझ्या बोटांवर आली. मी हात लगेच काढला नाही. चिखल होता ना — चिखलातून हात पटकन निघत नाही.

पुढे दर रविवारी ते टेप लावून रोप मोजायचे, अन् माझ्या तोऱ्यावरून मला मुकादमबाई म्हणायचे. "अर्धा इंच वाढलं, मुकादमबाई!"

"तुमची टेप सैल पडलीय, मास्तर."

"टेप ठीक आहे हो... माप घेणाराच जरा सैल पडलाय."

घरी सूनबाईंचं बारीक लक्ष. "आई, तण काढायला इस्त्रीचे कपडे?"

"तणालाही कळू दे, कुणी उपटलं ते!"

आणि एका रविवारी, भुरभुर पाऊस असताना, मास्तरांनी टेप काढलीच नाही. "लेक बोलावतेय तिच्या गावी. दुकान आवरतोय... इथं मला थांबवणारं तरी कोण आहे?" असं म्हणून माझ्याकडे बघत राहिले.

दोन मुलं एकटीनं वाढवली मी. कधी कुणाला 'थांब' म्हटलं नाही. तोंडातून निघालं, "जा की. गाड्या रोज सुटतात."

बोलले, अन् जीभ चावली. मग आठवडाभर कुणाला एक टोमणा मारला नाही. सून घाबरली. म्हणाली, "डॉक्टरांना बोलावू?"

पुढच्या रविवारी मास्तर चिंध्यांचं गाठोडंच घेऊन आले. "वर्षभर पुरतील. तुमच्या हवाली करतो."

मी त्यातली एक ओढली. "हात पुढे करा."

"कशाला?"

"करा म्हटलं ना!"

त्यांच्या मनगटाला चिंधी गुंडाळली. घट्ट दोन गाठी मारल्या.

मास्तरांनी गाठींवरून बोट फिरवलं. "बाई... याचा अर्थ ठाऊक आहे ना?"

"तुम्हीच शिकवलात. जिथं रुजलं, तिथून हलवायचं नाही."

मिशीआड हसू फुटलं. डोळे मात्र भरले होते. "मग लेकीला काय सांगू?"

"सांगा, मुकादमबाईनं रजा नामंजूर केली. अन् तिलाच इकडे बोलवा चार दिवस. बघू दे तिलाही, रोप किती वाढलंय ते."

त्यांनी माझा हात हातात घेतला. माती कोरडी होती, चिखल कुठंच नव्हता.

तरी हात काही निघाला नाही.