मागे ठेवलेली मुलगी

त्या आठवड्यात माझी झोप उडवली ती लेकीच्या उजव्या हातानं. ती गाढ झोपली की तो हात हळूहळू वर यायचा, पलंगाच्या कडेबाहेर जायचा आणि हवेतच राहायचा. मी तो पांघरुणात घालायचे. जरा वेळानं पाहावं तर पुन्हा बाहेर... कुणाचा तरी हात धरून चालताना असतो, तसा.

काळजी करण्यात मी तरबेज आहे, हे आधीच कबूल करते. लेक शिंकली तरी मी फुप्फुसांवर वाचत बसते. त्यामुळे डॉक्टरीणबाई हसल्या, त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्यांनी खांदा फिरवून पाहिला, कोपर दाबून पाहिलं.

"हात ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "औषध द्यायचंच झालं तर तुम्हाला देते."

नवऱ्याचं मत त्याहून थोडक्यात होतं. "तुला काळजीला बाहेर विषय पुरत नाहीत, मग तू घरीच बनवतेस."

हसले मीही. पण तो हात कधीपासून वर यायला लागला, ते मला नेमकं ठाऊक होतं. पुतळा कापला त्या रात्रीपासून.

लेकीची बालवाडी एका जुन्या अनाथाश्रमाच्या इमारतीत भरते. दारावर संस्थापकांचं नाव दगडात कोरलेलं होतं आणि अंगणात चौथऱ्यावर ते स्वतः उभे होते. लांब कोट, पुढे टाकलेलं पाऊल, हाताशी सात-आठ वर्षांची एक पोर. सगळं ब्राँझचं. येणारा-जाणारा म्हणायचा, काय मायेनं हात धरलाय बघा तिचा. मग उघडकीला आलं की आश्रमातली पोरं त्यांच्याच सूतगिरणीत राबायची, आणि त्यातली बरीचशी तिथंच संपली.

गावात दोन तट पडले. नाव बदला, पुतळा हलवा, असं अर्धे म्हणत होते. उरलेल्यांचं म्हणणं, हा माणूस नसता तर ही इमारत तरी असती का, आणि इतिहास काय क्रेननं उचलून ठेवायचा असतो? वर्षानुवर्षं एकमेकांची पोरं सांभाळलेल्या बायका फाटकाशी एकमेकींकडे बघेनाशा झाल्या. पालकांच्या सभेत मी सहसा तोंड उघडत नाही. घरी आल्यावर काय बोलायला हवं होतं ते सुचतं, अशातली मी. पण त्या दिवशी उभी राहिले.

"त्यांना न्या," मी म्हणाले. "पण मुलीला राहू द्या. तिनं काय केलंय?"

टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंना पटेल असं कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं म्हणे. शेजारी बसलेले निवृत्त मुख्याध्यापक तेवढे पुटपुटले, "दोघं एकत्रच ओतलेत, बाई. असू द्यावेत एकत्र." मला वाटलं, हे संस्थापकांच्या बाजूचे. पुढचे दोन दिवस मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पुतळा कापला तेव्हा मी लेकीला घ्यायला आले होते. ठिणग्या उडत होत्या, जळक्या धातूचा वास घशात बसत होता. कोट गेला, खांदा गेला, आणि हाताशी येऊन कापणारा थांबला.

"हे बघा," तो म्हणाला. "वरची बोटं हिची आहेत. ह्याचा पंजा सोडवायचा तर हिची बोटं मोडावी लागतील."

मी वाकून पाहिलं. खरंच. इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणत होतो, त्यांनी तिचा हात धरलाय. त्यांचा पंजा नुसता उघडा, सैल होता. मूठ तिची होती.

शेवटी मनगटापाशीच कापलं. त्यांना ताडपत्रीत गुंडाळून नेलं. पोर चौथऱ्यावर एकटी राहिली, मुठीत तो तुटका पंजा घेऊन. मी वळले तर लेक चौथऱ्याला टेकून उभी, उजवा हात वर केलेला, टाचा उंचावलेल्या.

"ती एकटी राहिली ना, आई."

किती कोवळं मन, असं वाटून मी कौतुकानं फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथऱ्यावरच्या पोरीची मूठ रिकामी होती. पंजा भंगारवाल्यांनी पळवला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बोटं मोडल्याशिवाय तो कसा काढला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. दारावर नव्या नावाची पाटी चढत होती, सगळे ती बघण्यात गुंतले होते.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी घरात आम्ही दोघीच होतो. अंघोळीला पाणी काढलं, दिवा लावला, आणि लेकीचा स्वेटर उतरवायला घेतला. डावी बाही निघाली. गळा निघाला. उजवी बाही मनगटावरून सरकली, बोटांपर्यंत आली... आणि अडली.

मी ओढली. येईना. बटण नव्हतं, धागा कुठं गुंतला नव्हता. लोकर बोटांच्या पुढं ताणली जात होती, जणू तिचा हात बोटांशी संपतच नव्हता. न्हाणीघरात ओल्या नाण्यांसारखा वास यायला लागला. मी तिची बोटं पाहिली. ती एकमेकांवर दाबली गेली होती, टोकं पांढरी पडली होती... कुणी आवळून धरल्यावर पडतात तशी.

"बाळा," मी जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "तिचा हात... सोड बरं आता. आपण घरी आलो ना."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, भीतीनंही नाही. दमली होती ती.

"मी कधीच सोडलाय, आई," ती म्हणाली. "तीच सोडत नाहीये. तू सांग ना तिला."