उत्तर पहिल्या ओळीत

“अहो, त्या खुर्चीत बसू नका—”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच तो बसला. बसला कसला, आत गेला! खुर्चीची वेताची जाळी जुनी, कुजकी. ती तडतड फाटली आणि त्याचे गुडघे थेट हनुवटीला टेकले. हात दोन्हीकडे, बूट हवेत, आणि चेहऱ्यावर मात्र कमालीचा सभ्यपणा... जणू खुर्च्या अशाच असतात, परक्या ठिकाणी तक्रार कशाला करा!

तिने ओल्या हाताने तोंड दाबलं. तरी हसू बोटांमधून सांडलंच.

“हसा,” तो म्हणाला. जीभ जड झालेली, शब्द लोळत येत होते. “मला हसता येत नाहीये. वर इंजेक्शन दिलंय.”

मग तिच्या लक्षात आलं. वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर होते. त्यांचा बाक भरला की उरलेले पेशंट जिना उतरून यायचे आणि दिसेल त्या खुर्चीत टेकायचे. खाली तर खुर्च्याच खुर्च्या, पण सगळ्या मोडक्या. तिचं आणि आत्याचं वेत विणायचं दुकान होतं ते.

“ओढ गं, भोचकभवानी! बघत काय राहिलीस?” आत्या आतून धावत आली. एक हात आत्याने धरला, एक तिने, आणि दोघींनी मिळून त्याला उपसून काढलं.

कपडे झटकत तो हसायला गेला. हसू उजव्या गालापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. डावा गाल झोपलेलाच.

उरलेलं अर्धं हसू कसं असेल?... तिच्या मनात आलं. असले प्रश्न आपल्याला पडू नयेत, हे तिला कळत होतं. पण पडला खरा.

“तुम्ही खुर्च्या विणता?” त्याने विचारलं.

“नाही, माणसं पकडायला सापळे लावतो. तुम्ही आजचे पहिलेच.”

“आजचे कसले, या आठवड्यातले,” आत्या पुटपुटली.

ते खरं होतं. काम आटलं होतं. पावसाळा संपेपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर आत्या ही जागा डॉक्टरांना देऊन टाकणार होती. त्यांना पेशंट बसवायला ती हवीच होती. मग आत्याचे हात रिकामे आणि तिची रवानगी दूरच्या शहरात, दादाच्या ऑफिसात. तिला जायचं नव्हतं. पाण्यात भिजलेल्या वेताला जो ओल्या गवतासारखा वास येतो ना, तो सोडून तिला कुठेच जायचं नव्हतं.

“कमाल आहे,” तो म्हणाला. “आईची एक खुर्ची आहे, अशीच गेलेली. विणणारं कुणी मिळेना. नेट पालथं घातलं. आणि राहतो कुठे मी? मागच्या गल्लीत!”

“नेटवर कसे नाही सापडलो? आमची वेबसाइट आहे की. दादाने बनवलीय. हे बघा.” तिने झटकन कॉम्प्युटर उघडला, वर पत्त्याच्या जागी वेबसाइटचं नाव अख्खंच्या अख्खं लिहिलं आणि विजयाने त्याच्याकडे पाहिलं. “आली की नाही?”

“आली. पण तुम्ही पत्ता लिहिलात. पत्ता माहीत असलेला माणूस शोधेल कशाला?”

खरंच की! इतके दिवस रोज सकाळी ती पत्ता लिहायची, वेबसाइट उघडायची आणि दिसतेय सगळ्यांना, म्हणून निर्धास्त व्हायची.

“हेच माझं काम आहे,” तो सांगू लागला. “लोकांच्या वेबसाइटवर माणसं यावीत, हे बघायचं.”

“म्हणजे आवताण देत फिरता?”

“आवताण नाही हो. माणूस आधीच शोधत निघालेला असतो. त्याला आपलं दार सापडावं, एवढंच.”

आणि मग ठरलं. आईची खुर्ची तिने विणायची, तिची वेबसाइट त्याने बघायची. आत्याने डोळे बारीक केले. “दाढ उपटायला आलेला माणूस,” तो गेल्यावर ती म्हणाली, “मुक्कामालाच आला की काय?” आणि त्याचं नाव पडलं ‘दाढवाला’.

दाढवाला ऑफिस सुटलं की यायचा. आला की पाहून-पाहून, चाचपून खुर्चीत बसायचा.

“सर्च म्हणजे नवा पोस्टमन समजा,” पहिल्या संध्याकाळी त्याने सांगितलं. “कुणाला ओळखत नाही. दारावरच्या पाट्या वाचतो आणि विचारणाऱ्याला कुठे पाठवायचं ते ठरवतो. तुमच्या पाटीवर काय? ‘वेत्रविहार... आसनसौंदर्याची अखंड साधना’. त्याला वाटणार, इथे व्यायाम शिकवतात.”

“दादाला शब्दांची फार हौस.”

“ही खुर्ची अशी झाली, तर काय म्हणाल तुम्ही?”

“वीण गेली म्हणेन.”

“ते विणणारे म्हणतात. बसणारे काय म्हणतात?”

आता झाली का पंचाईत! हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता, आणि एकदा पडल्यावर तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तिने तीच फाटकी खुर्ची उचलली, जिन्याच्या पायथ्याशी ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला अडवलं. “हिला काय झालंय, सांगाल का?”

“जाळी फाटलीय,” एक काका म्हणाले.

“बूड गेलंय बिचारीचं,” एक मावशी.

“खचलीय.”

गाल टम्म सुजलेल्या एका बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दात न उघडता म्हणाल्या, “सुटली. मला बघ.”

संध्याकाळी हे सगळं ऐकताना तो इतका हसला, की समोरचा चहा हिंदकळला. पण नेमकी ती तेव्हा वाकून वेत कापत होती. वर पाहीपर्यंत हसू विरलेलं. हुकलं!... तिला उगाच चुटपुट लागली.

“आता यातला एकेक शब्द घ्या,” तो म्हणाला. “प्रत्येकाला वेगळं पान. माणूस जसं विचारतो तसंच मथळ्यात लिहायचं. आणि उत्तर पहिल्या ओळीत. प्रस्तावना नाही, फिरवाफिरवी नाही. विचारणारा ताटकळलेला असतो.”

तिने लिहिलं — ‘खुर्चीची जाळी फाटली, दुरुस्त होते का?’ खाली पहिली ओळ — ‘होते.’

“बस? एवढंच?” आत्याला ते फारच तुटक वाटलं.

“पुढे लिहा की कशी होते ते,” तो आत्याला म्हणाला. “पण आधी माणसाचा जीव भांड्यात पडू दे.”

आत्याला हे पटलं. त्या दिवसापासून ती त्याच्या चहात साखर स्वतः घालू लागली.

पानं वाढत गेली. फोटो आले. सर्चला डोळे नसतात, म्हणून प्रत्येक फोटोत काय दिसतं ते शब्दांत लिहून ठेवायचं, हेही त्यानेच शिकवलं. एका फोटोत त्याच्या आईच्या खुर्चीला आधार देणारा त्याचा हात चुकून आला होता. तिने लिहिलं, ‘अर्धी विणलेली खुर्ची आणि तिला सांभाळून धरलेला एक हात.’

त्याने ते वाचलं. “कुणाचा हात?”

“सर्चला इतक्या चौकशा नसतात.”

“मला आहेत.”

“मग... शोधा,” ती म्हणाली आणि वेताची पट्टी भोकातून ओवायला लागली. पट्टी ओवली जाईना. तोही पडद्याकडे पाहायचं सोडून तिच्या बोटांकडे पाहत होता. उभे धागे, त्यांवर आडवे, मग तिरके... बोटं एकाखालून एक सरकत होती, आणि त्याचं कॉम्प्युटरवरचं काम किती वेळ तिथल्या तिथेच होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पण माणसं काही येईनात.

“वेळ लागतो,” तो म्हणायचा. “पोस्टमनची फेरी व्हायची असते.” पोस्टमनची फेरी काही होईना. वेबसाइटवर येऊन गेलेल्यांचा आकडा पाहिला, तर एक ती, एक तो, आणि एकदा चुकून आत्या. पाऊस ओसरत चालला. एके दिवशी डॉक्टर मोजपट्टी घेऊन उतरले आणि भिंत मोजू लागले. “सहज हं,” ते म्हणाले. “बाक किती लांब बसेल, एवढंच बघतोय.” आत्या नुसती वेताच्या टबातलं पाणी बदलत राहिली, आत्ताच बदललेलं असताना.

तो त्या दिवशी कोपऱ्यात उभा होता. मोजपट्टी पाहिली, आणि त्याचा चेहरा पडला. “माझ्याकडून कुठेतरी चूक होतेय,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही.

आत्याने तिला भोचक हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. दुकानात करमेना, तशी ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि दिसेल ते दार ठोठावत सुटली. या बटणाने काय होतं? त्याच्या आत काय आहे? त्याच्याही आत? अशा सगळ्यात आतल्या पानावर, अगदी तळाशी, एक एवढीशी चौकट होती आणि तिच्यात बरोबरची खूण. पुढे लिहिलं होतं — ‘ही वेबसाइट सर्चपासून लपवा.’

तिने दादाला फोन लावला.

“अगं हो,” दादा म्हणाला, “बनवत होतो ना, तेव्हा अर्धवट लोकांना दिसू नये म्हणून लपवली होती. नंतर ती खूण काढली... म्हणजे काढली असेल... काढली नाही का?”

“दादा!”

मग तिने दुसरा फोन लावला. तो भुरभुर पावसात धावत आला, केसांतून पाणी निथळतंय, आणि पडद्यापुढे उभा राहिला तो उभाच.

“हे... हे तर पहिल्या दिवशी बघायचं असतं! कुठल्याही वेबसाइटवर मी सगळ्यात आधी हेच बघतो. त्यांच्या चहालाही हात लावत नाही तोवर.”

“मग इथे का नाही बघितलं?”

तिने आपलं सहज विचारलं होतं. पण त्याचे कान लाल झाले. “त्याचं काय आहे... म्हणजे, तसं बघायला गेलं तर... आधी ती खूण काढू या का?” त्याने खूण काढली, काहीबाही पुटपुटला आणि निघून गेला. छत्री त्याने आणलीच नव्हती, तरी दारात छत्री शोधून गेला.

प्रश्न मात्र तिच्याजवळच राहिला. विणताना, जेवताना, सकाळी डोळे मिटून देवाचं नाव घेतानासुद्धा. का नाही बघितलं असेल?...

आणि एका दुपारी दारात एक बाई उभ्या. हातात खुर्ची, कपाळावर घाम. “नेटवर लिहिलं, खुर्चीचं बूड गेलं, आता काय करू? तर तुमचंच पान वर! पहिल्याच ओळीत लिहिलंय, टाकू नका, घेऊन या. म्हणून आणली बाई.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं, तिने आत्याकडे. दोघींनाही एकाच वेळी काय करावं सुचेना, म्हणून दोघींनीही त्या बाईंना पाणी दिलं.

मग फोन वाजू लागला. हॉटेलवाले आले, एका शाळेतून विचारणा आली, कुणी पाळणाखुर्ची आणली. ओळीने टांगलेल्या वेताच्या जुड्या संपत आल्या. तेव्हा आत्या कंबरेवर हात ठेवून जिना चढली. “डॉक्टर, जागा काही मिळायची नाही. पण तुमच्या बाकाला वेताची बैठक करून देते. पेशंटला तेवढाच गारवा.”

खाली त्याच्या आईची खुर्ची विणून तयार होती. निरोप गेला, आणि तो आला. नव्या विणीवरून त्याने हलकेच हात फिरवला. तिला उगाच वाटलं, आपलेच केस कुणी नीट केले.

“सुरेख झालीय,” तो म्हणाला. “तुमची माणसंही येऊ लागली. म्हणजे आता माझं इथलं काम... तसं...”

“एक राहिलंय.”

“काय?”

“एक प्रश्न. तुम्ही ती चौकट इथेच का नाही बघितली?”

“त्याचं असं झालं, की त्या दिवसांत जरा... म्हणजे एकूण परिस्थितीच अशी होती, की—”

“ही प्रस्तावना झाली,” ती म्हणाली. “उत्तर पहिल्या ओळीत. विचारणारं माणूस ताटकळलंय.”

त्याने खुर्चीवरचा हात काढून घेतला. बाहेर ओघळणाऱ्या पागोळ्यांचं टपटप तेवढं ऐकू येत होतं.

“मी तुझ्याकडे बघत होतो,” तो म्हणाला.

बस. एवढंच. पुढे कसं, कधीपासून, ते सगळं खाली सावकाश येईल. पण तिचा जीव त्या एका ओळीने भांड्यात पडला.

“आता माझा एक प्रश्न,” तो म्हणाला. “ही खुर्ची आईकडे पोचवायचीय. तू... येशील बरोबर?”

“येईन,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पुढचं नंतर लिहीन.”

इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. सुटकेचा श्वास टाकून तो मागच्या मागे टेकला — न बघता, न चाचपता, शाळेतून आलेल्या नेमक्या त्या खुर्चीत, जी अजून विणायची होती.

गुडघे हनुवटीला. बूट हवेत.

तो हसू लागला. हसू उजव्या गालावर आलं, तिथे थांबलं नाही, डाव्या गालावर गेलं आणि तिथे एक छोटीशी खळी पडली. अच्छा!... तर हे होतं ते उरलेलं अर्धं.

“ओढ गं, भोचकभवानी!” आत्या आतून ओरडली. “बघत काय राहिलीस?”

ती बघतच राहिली.